ओरियड टेकडीवरचा पहिला हंगाम

३ फेब्रुवारी १८९९, शुक्रवार. कॅन्सस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ त्या दिवशी आपला पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या संघाविरुद्ध खेळला आणि ५ विरुद्ध १६ गुणांनी हरला. विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या दप्तरातली ही पहिली नोंद. पुढे याच विद्यापीठाने दोन हजारांहून अधिक सामने जिंकले, १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ अशी चार वेळा एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्यामुळे इतिहास लिहिणारे या पहिल्या पराभवावरून भराभर पुढे जातात. माझ्या मते तिथे थांबायला हवे. पुढच्या सव्वाशे वर्षांत या संस्थेत जे वाद झाले, जी माणसे घडली आणि जे चुकले, त्या सगळ्याचे मूळ त्या एका हंगामात सापडते.

दिवसही लक्षात ठेवण्याजोगे होते. दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला, मनिला शहराच्या वेशीवर अमेरिकन फौजा आणि फिलिपिनो क्रांतिकारक यांच्यात लढाईला तोंड फुटले. त्या फौजांमध्ये कॅन्ससची विसावी पलटण होती आणि तिचा सेनानी फ्रेडरिक फन्स्टन हा याच विद्यापीठात शिकलेला. गावाचे लक्ष त्या बातम्यांकडे लागले असताना व्यायामशाळेत खेळल्या जाणाऱ्या एका नव्या खेळाचा निकाल कितीजणांनी वाचला असेल, याची कल्पना करता येते.

हे गाव म्हणजे लॉरेन्स. अमेरिकेच्या मध्यभागी, कॅन्सस नदीच्या काठी, १८५४ साली गुलामगिरीच्या विरोधकांनी वसवलेले. कॅन्ससचा प्रदेश गुलामगिरी मानणारा व्हावा की न मानणारा, या प्रश्नावर इथे रक्त सांडले. २१ ऑगस्ट १८६३ रोजी क्वांट्रिल या गुलामगिरीच्या समर्थकाच्या टोळीने गाव जाळले आणि दीडशेच्या वर पुरुष व मुलगे ठार केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८६६ च्या सप्टेंबरात, गावाला लागून असलेल्या माउंट ओरियड या टेकडीवर विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. राखेतून उठलेल्या गावाने आधी शाळा-कॉलेज उभारावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१८९८ साली विद्यापीठाचे कुलगुरू होते फ्रान्सिस स्नो. निसर्गविज्ञानाचे अभ्यासक, कीटकशास्त्राचे जाणकार. त्यांना असा माणूस हवा होता, जो सकाळची प्रार्थना चालवील आणि मुलांना व्यायामही शिकवील. त्यांनी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याकडे विचारणा केली. हार्पर यांनी आपले क्रीडाप्रमुख ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांना विचारले. स्टॅगनी तारेने जेम्स नेस्मिथ यांचे नाव कळवले. त्या तारेची हकिकत लॉरेन्समध्ये आजही आवडीने सांगतात: बास्केटबॉलचा जनक, डॉक्टरकीची पदवी घेतलेला, धर्मोपदेशक, दारू न पिणारा, तंबाखू न ओढणारा, सर्व खेळांत तरबेज आणि तोंडात कधी शिवी नसलेला असा हा गृहस्थ डेन्व्हरच्या वायएमसीएत आहे, असा तिचा आशय. नेमणूक झाली ती प्रार्थना आणि शरीरशिक्षण या दोन कामांसाठी. बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून त्यांना कोणी बोलावले नव्हते. तसे पदच तेव्हा विद्यापीठात नव्हते.

नेस्मिथ तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांचे होते. जन्म ६ नोव्हेंबर १८६१, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या आल्मोंटजवळचा. वयाच्या नवव्या वर्षी विषमज्वराने आई-वडील गेले. मामाने सांभाळले. मधल्या काळात शाळा सोडून लाकूडतोडीच्या तळावर काम केले, मग पुन्हा शाळेत बसले. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतली, त्याच शहरात धर्मशास्त्र शिकले आणि १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. पुढच्या वर्षी ते तिथेच शिकवू लागले. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम तिथले त्यांचे वरिष्ठ लूथर ग्युलिक यांनी त्यांच्यावर सोपवले. वर्गात अठरा विद्यार्थी होते, कवायतीला कंटाळलेले. २१ डिसेंबर १८९१ रोजी सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या गेल्या आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळले. पूर्ण सामन्यात एकदाच चेंडू टोपलीत पडला. नियम तेरा होते, आणि त्यांतला पहिला विचार एकच: चेंडू हातात घेऊन पळायचे नाही. पळायचे नसले की पाडापाडी करायची गरज उरत नाही, हे नेस्मिथ यांनी ओळखले होते.

स्प्रिंगफील्डच्या त्या विद्यालयातून शिकलेली मुले जिथे गेली तिथे खेळ घेऊन गेली, आणि कॉलेजांमध्ये बास्केटबॉल पोचला तो या मैत्रीच्या वाटेने. पहिल्या सामन्यात खेळलेला रे केन मिनेसोटातल्या हॅम्लिन विद्यापीठात गेला. ९ फेब्रुवारी १८९५ रोजी हॅम्लिन आणि मिनेसोटाच्या कृषिशाळेचा सामना झाला. नऊ-नऊ खेळाडू होते आणि कृषिशाळेने तो ९ विरुद्ध ३ असा जिंकला. दोन शिक्षणसंस्थांमधला पहिला सामना म्हणून त्याचे नाव घेतात. स्प्रिंगफील्डचेच कॅलनबर्ग आयोवाला गेले, स्टॅग शिकागोला. या दोघांनी १८ जानेवारी १८९६ रोजी आयोवा सिटीत पाच-पाच खेळाडूंचा सामना ठरवला आणि शिकागोने तो १५-१२ असा जिंकला. मार्च १८९७ मध्ये येलने पेनसिल्व्हेनियाला ३२-१० असे हरवले. स्प्रिंगफील्डच्याच पहिल्या खेळाडूंपैकी डंकन पॅटन यांनी १८९४ मध्ये हा खेळ भारतात आणला. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने मुंबईच्या नागपाड्यात नेबरहूड हाऊस काढले. त्याच नागपाड्याने भारतीय संघाचे कर्णधार अब्बास मुंतसीर यांच्यासारखे खेळाडू दिले. नागपाड्याचे मैदान आणि लॉरेन्सची टेकडी यांचे नाते इतके जवळचे आहे.

म्हणून नेस्मिथ लॉरेन्सला आले तेव्हा कॉलेजांमध्ये हा खेळ अगदी नवखा राहिला नव्हता. पण आजच्या वाचकाने डोळ्यांसमोर आजचे मैदान आणले तर १८९९ चा सामना त्याला कळणारच नाही. पाच खेळाडूंचा संघ हा नियम पक्का होऊन जेमतेम दीड-दोन वर्षे झाली होती. टोपलीत चेंडू गेला की २ गुण आणि फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीचा १ गुण, ही पद्धतही चार वर्षांहून जुनी नव्हती. कॅन्ससचे पहिल्या सामन्यातले ५ गुण पाहा. आकडा विषम आहे, म्हणजे त्यात निदान एक गुण मोकळ्या फेकीचा असणार आणि टोपलीत पडलेले चेंडू फार तर दोन. मोकळी फेक ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच करावी असे बंधन नव्हते. संघातला नेमबाज पुढे यायचा आणि सगळ्यांच्या वाटच्या फेकी तोच करायचा. ही सोय १९२४ च्या सुमारापर्यंत टिकली.

प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मधोमध आणून दोन खेळाडूंमध्ये वर उडवला जाई. त्यामुळे खेळ सारखा थांबायचा आणि उंच माणूस ज्याच्याकडे त्याच्याकडे चेंडू, असे व्हायचे. रेषेबाहेर गेलेला चेंडू ज्याचा हात आधी लागेल त्याचा. साहजिकच दोन्ही बाजूंचे गडी त्यामागे झेपावत, भिंतीवर आदळत, बाकांखाली शिरत. चेंडू आपटत पुढे जाण्याचे तंत्र तेव्हा रांगत होते आणि त्यावरचे नियम दर एक-दोन वर्षांनी फिरत. पीचच्या टोपल्यांच्या जागी लोखंडी कडी आणि जाळी आली होती, पण जाळीला तळ होता. चेंडू पडला की साखळी किंवा दोरी ओढून तो बाहेर काढावा लागे. मागची पाटी आली ती सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवत किंवा ढकलत म्हणून. आज ज्या पाटीवर चेंडू आपटून अचूक कोनातून आत घालण्याची कला शिकवली जाते, ती मुळात आगाऊ प्रेक्षकांना आवरण्यासाठी लावलेली भिंत होती. चेंडूला बंदाची शिवण असे, त्यामुळे तो सारखा उडतही नसे.

आपल्याकडे खोखो-हुतूतूचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्या-साताऱ्याकडच्या मंडळींनी बसून लिहून काढले, तेव्हाही गावोगावचे खेळगडी आपापल्या रीतीने खेळतच होते. बास्केटबॉलचे त्या वर्षांत तसेच चालले होते. सामना ठरला की कोणत्या नियमांनी खेळायचे हे यजमान आणि पाहुणे यांनी आधी बोलून घ्यायचे, मग चेंडू उडवायचा.

खेळायची जागा हा वेगळाच प्रश्न होता. विद्यापीठाकडे या खेळाला पुरेल अशी व्यायामशाळा नव्हती. सुरुवातीचे काही सामने गावातल्या स्केटिंगच्या सभागृहात झाले. नंतर संघ आला स्नो हॉलच्या तळघरात. ज्या कुलगुरूंनी नेस्मिथना बोलावले त्यांच्याच नावाची ही इमारत, निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी बांधलेली. तळघराचे छत अकरा फुटांवर आणि कडी दहा फुटांवर. वरून मोकळे उरले एक फूट! चेंडू उंच कमानीत टाकावा, तो वरून अलगद कडीत उतरावा, ही नेस्मिथ यांची मूळ कल्पना. टोपली आडवी आणि डोक्यावर ठेवण्यामागचे कारणच ते होते, की जोरापेक्षा नेमाला किंमत यावी. आणि खेळाच्या जनकाच्याच विद्यापीठात चेंडूला कमान घ्यायला जागा नव्हती. तिथे शिकलेल्या मुलांना सपाट, थेट फेकीच कराव्या लागल्या असणार. १९०७ मध्ये रॉबिन्सन व्यायामशाळा उभी राहीपर्यंत ही ओढाताण चालली.

आता तो हंगाम. फेब्रुवारीपासून पुढे अकरा सामने झाले. त्यांतले सात जिंकले, चार हरले. कॉलेजचा हंगाम म्हणताना आज जे मनात येते, म्हणजे विद्यापीठाविरुद्ध विद्यापीठ, साखळी, गुणतक्ता, त्यातले काही नव्हते. प्रतिस्पर्धी बहुतेक वायएमसीएच्या शाखांचे आणि आसपासच्या शहरांतल्या क्लबांचे. याचे कारण साधे होते: खेळ मुळात वायएमसीएचा, तिच्या व्यायामशाळांमध्ये तो सात वर्षे मुरलेला. तिथले गडी वयाने मोठे, नोकरी-धंदा करून संध्याकाळी नेमाने खेळणारे. त्यांच्यासमोर विद्यापीठातली पोरे नवशिकी होती. म्हणून पहिल्या सामन्यातल्या ५-१६ चे मला आश्चर्य वाटत नाही. नवल वाटते ते पुढच्या सात विजयांचे.

त्याच महिन्यात, ११ ते १४ फेब्रुवारीच्या दरम्यान, अमेरिकेच्या मोठ्या भागावर थंडीची अशी लाट आली की तिची नोंद हवामानाच्या इतिहासात आजही काढली जाते. कॅनडातून उतरलेला तो गारठा आधी मध्यभागातल्या मैदानांवर पसरला आणि मग थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचला. कॅन्सस सिटी लॉरेन्सपासून साठ-पासष्ट किलोमीटर. बाहेरचा सामना म्हणजे रेल्वेचा प्रवास आणि परक्या व्यायामशाळेतले मिणमिणते दिवे. स्प्रिंगफील्डला ज्या अडचणीतून खेळ जन्मला, त्या कडाक्याच्या हिवाळ्यातच कॅन्ससचा पहिला संघ तयार झाला.

या संघाचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. खेळाडू पोशाखात, आणि कडेला मिशा राखलेले नेस्मिथ सुटाबुटात उभे. त्यांच्या चेहऱ्यावर सेनापतीचा आव नाही. वर्गाबरोबर शिक्षकाने फोटो काढून घ्यावा तसे ते उभे आहेत, आणि वस्तुस्थितीही तीच होती. नेस्मिथ बाजूला बसून डावपेच आखत नसत. अनेकदा ते सामन्यात पंच म्हणून शिट्टी घेऊन उभे राहत. आपल्याच संघाच्या सामन्यात पंच होणे आज कोणी चालवून घेणार नाही, पण त्या काळी दोन्ही बाजूंना त्यांच्यापेक्षा नियम जाणणारा आणि त्यांच्यापेक्षा निःपक्षपाती माणूस सापडला नसता. हा खेळ आपण स्वतः आयुष्यात फक्त दोनदा खेळलो, एकदा स्प्रिंगफील्डला आणि एकदा कॅन्ससला आल्यावर, असे ते सांगत. स्प्रिंगफील्डचा तो सामना ११ मार्च १८९२ चा, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थ्यांनी ५-१ असा जिंकला आणि शिक्षकांचा एकमेव गुण त्या ॲमॉस स्टॅगचा होता, ज्यांनी पुढे तार केली.

नेस्मिथना जे खरे महत्त्वाचे वाटे ते दुसरीकडेच होते. नव्याने दाखल झालेल्या मुलांची शरीरतपासणी, त्यांची मापे, कोणाचा खांदा पडलेला, कोणाची छाती अरुंद, त्याप्रमाणे नेमून दिलेला व्यायाम. तलवारबाजी आणि कुस्ती त्यांना बास्केटबॉलपेक्षा व्यायाम म्हणून सरस वाटे, आणि ते तसे उघड बोलत. खेळ हे मुलाचे चारित्र्य घडवण्याचे साधन, सामना ही त्या साधनाची परीक्षा, आणि परीक्षेतल्या गुणांवरून शिक्षण जोखायचे नसते, अशी त्यांची धारणा होती. वायएमसीएने शरीर, मन आणि आत्मा यांचा त्रिकोण आपल्या चिन्हात घेतला होता. नेस्मिथ त्याच्या तिन्ही बाजूंवर जगले.

पहिला हंगाम संपला आणि सहा-सात महिन्यांनी, १८९९ च्या शरदात, फील्डिंग योस्ट नावाच्या तडफदार प्रशिक्षकाने याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला दहापैकी दहा सामने जिंकून दिले. गावाने काय पाहिले असेल? एकीकडे अजिंक्य फुटबॉल, भरलेले मैदान, जल्लोष. दुसरीकडे तळघरातला बास्केटबॉल. त्या हिवाळ्यात नेस्मिथ यांचा संघ तीन सामने जिंकला, चार हरला. पुढच्या वर्षी ४-८, मग ५-७, ७-८, ५-८, ५-६. १९०५-०६ च्या हंगामात १२-७ अशी उसळी आली आणि शेवटच्या वर्षी पुन्हा ७-८. नऊ हंगामांची बेरीज ५५ विजय आणि ६० पराभव. विजयांचे पारडे जड राहिले ते दोनदाच, त्यांतला एक हा पहिला हंगाम.

या बेरजेवरून एक वाक्य जगभर फिरते: कॅन्ससच्या सगळ्या प्रशिक्षकांत पराभव जास्त असलेला एकच, आणि तो खेळाचा जनक. वाक्य खरे आहे. पण ते गंमत म्हणून सांगितले जाते, याचे मला वाईट वाटते. ज्या माणसाने सामने जिंकण्याची तयारी करून घेणे हे आपले काम मानलेच नाही, त्याला त्या कामाचे गुण देऊन नापास ठरवण्यात काय अर्थ? त्यांच्या वर्गातून गेलेल्या हजारो मुलांच्या शरीरस्वास्थ्याचा हिशेब कोणत्याच क्रीडा-पुस्तिकेत छापत नाहीत.

नेस्मिथ यांच्या या भूमिकेला पहिले आव्हान त्यांच्याच विद्यार्थ्याने दिले. फॉरेस्ट ॲलन, भारदस्त आवाजामुळे मित्रमंडळीत ‘फॉग’. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सचा हा तरुण १९०५ मध्येच गाजला होता. त्या वर्षी बफेलो जर्मन्स या देशभर नाव कमावलेल्या संघाला त्याने कॅन्सस सिटीत सामने खेळायला बोलावले, आणि त्याच्या कॅन्सस सिटी ॲथलेटिक क्लबने तीनपैकी दोन जिंकले. मग तो लॉरेन्सला आला आणि नेस्मिथ यांच्या हाताखाली १९०५-०६ च्या त्या १२-७ वाल्या संघात खेळला. जवळच्या बेकर विद्यापीठाने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा नेस्मिथ त्याला म्हणाले की हा खेळ शिकवायचा नसतो, तो नुसता खेळायचा असतो. ॲलनना ते पटले नाही. मोकळी फेक शिकवता येते, हालचाल शिकवता येते, एकमेकांना चेंडू देण्याची रीत घोटून घेता येते, असे त्यांचे म्हणणे.

१९०७ मध्ये नेस्मिथ यांनी संघ ॲलनकडे सोपवला. रॉबिन्सन व्यायामशाळा नुकतीच तयार झाली होती आणि मिसूरी व्हॅली ही विद्यापीठांची साखळीही त्याच वर्षी स्थापन झाली. ॲलन यांच्या पहिल्या हंगामात १८-६, दुसऱ्यात २५-३, आणि दोन्ही वेळा साखळीचे विजेतेपद. ॲलन जिंकले यात वादच नाही. ते १९१९ मध्ये परतले ते १९५६ पर्यंत राहिले आणि कॅन्ससला ५९० विजय मिळवून दिले. १९२७ मध्ये त्यांनी देशभरच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांची संघटना उभी केली. ज्या पेशाला गुरूने नकार दिला तो पेशा शिष्याने प्रतिष्ठित केला. दोघांत खटके उडाले, तरी आदर सुटला नाही. ॲलन आयुष्यभर नेस्मिथ यांचे नाव अभिमानाने सांगत राहिले. मला दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात. ॲलन नसते तर विद्यापीठाला बास्केटबॉलचे घराणे मिळाले नसते, आणि नेस्मिथ नसते तर त्या घराण्याकडे सांगण्यासारखे विजयांखेरीज फार काही उरले नसते.

घराणे हा शब्द मी जपून वापरला आहे. ॲलन यांच्या १९२२-२३ च्या संघात राखीव खेळाडूंच्या बाकावर ॲडॉल्फ रप बसत. ते केंटकीला गेले आणि तिथे ८७६ सामने जिंकले. १९५२ च्या विजेत्या संघातला राखीव खेळाडू डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि त्याने ८७९ जिंकले. डीन स्मिथ यांचे सहायक रॉय विल्यम्स पुन्हा लॉरेन्सला प्रशिक्षक होऊन आले. सव्वाशे वर्षांत या संघाने पूर्णवेळ प्रशिक्षक पाहिले ते जेमतेम आठ. पहिल्याने प्रशिक्षण हा प्रकारच मानला नाही, आणि अमेरिकेतल्या प्रशिक्षकांची सर्वांत मोठी परंपरा त्याच्यापासूनच मोजतात.

१९३६ मध्ये बर्लिनला बास्केटबॉल अधिकृत खेळ म्हणून प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आला. त्यासाठी ॲलन वर्षानुवर्षे झटले होते. नेस्मिथना तो सोहळा पाहता यावा म्हणून देशभर बास्केटबॉलप्रेमींनी वर्गणी काढली आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे गुरुजी बर्लिनला गेले. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर, पावसात झाला. चिखलात चेंडू उडेना. त्यांना नागरिकत्व देणाऱ्या अमेरिकेने त्यांच्या जन्मभूमीला, कॅनडाला, १९-८ असे हरवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. व्यायामातून माणूस घडतो असे मानणाऱ्या दोन दूरच्या परंपरा त्या उन्हाळ्यात एकाच शहरात होत्या.

नेस्मिथ १९३७ मध्ये निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्समध्येच वारले. १ मार्च १९५५ रोजी विद्यापीठाचे नवे क्रीडागृह खुले झाले. त्याला ॲलन यांचे नाव दिले आहे आणि आतल्या खेळाच्या मैदानाला नेस्मिथ यांचे. तेरा नियमांचे टंकलिखित मूळ कागद २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निघाले, तेव्हा विद्यापीठाचे माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ यांनी ४३ लाख डॉलरांवर किंमत मोजून ते घेतले. क्रीडागृहाला जोडून बांधलेल्या इमारतीत ते आता पाहायला मिळतात.

या इतिहासात एक पान काळे आहे, आणि ते लिहिल्याशिवाय पहिल्या हंगामाचा वारसा पुरा होत नाही. गुलामगिरीच्या विरोधात वसलेल्या गावातल्या या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ अर्धे शतक फक्त गोऱ्यांचा होता. कॅन्ससमधल्याच हायवॉथा गावी जन्मलेला जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण १९३३ मध्ये शरीरशिक्षण शिकायला आला. बास्केटबॉल शिकायचा तर तो ज्याने शोधला त्याच्याकडेच शीक, असे वडिलांनी त्याला बजावले होते. तो सरळ नेस्मिथ यांच्या दारात गेला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक असे सांगून मोकळा झाला. नेस्मिथ यांनी त्याला शिष्य केले. संघात मात्र त्याला घेता आले नाही, कारण संघाची दारे त्याला बंद होती, आणि नेस्मिथ यांच्या हाती ती दारे उघडण्याची सत्ता तोवर राहिली नव्हती. विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावातही त्याला उतरू देण्यावरून तंटा झाला. १९३६ मध्ये मॅक्लेंडन पदवीधर झाला. या विद्यापीठाची शरीरशिक्षणाची पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हान्स स्क्वायर्स, आला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी.

जो मुलगा ओरियड टेकडीवर एकही सामना खेळू शकला नाही, त्याने गुरूकडून घेतलेले ज्ञान दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांमध्ये नेले. चेंडू मिळताच पाचही जणांनी धावत सुटायचे, प्रतिस्पर्ध्याला जुळवाजुळव करायला वेळच द्यायचा नाही, हा वेगवान खेळ त्याने घडवला. १२ मार्च १९४४ रोजी, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी, गाव देवळात असताना, डरहॅम शहरात बंद दारांआड त्याच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजचा संघ ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाशी खेळला आणि ८८-४४ असा जिंकला. असा सामना त्या राज्यात कायद्याच्या विरुद्ध होता. १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे टेनेसीच्या संघाला त्याने एनएआयए या कॉलेजांच्या दुसऱ्या क्रीडासंघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात, जे नेस्मिथ यांच्याच नावाने उभे आहे, मॅक्लेंडन यांना १९७९ मध्ये खेळाला योगदान दिल्याबद्दल घेतले गेले. प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव तिथे लागले २०१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.